एक चूल, एक कार्ड

मार्च म्हणजे आमच्याकडं दुसऱ्यांच्या पासबुकांचा महिना. कोल्हापुरात शाहूपुरीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी गेली एकोणीस वर्षं हिशेब लिहिते. समोरच्या व्यापाऱ्याला स्टेटमेंटमधली ओळ न् ओळ विचारायची, हे कशाचे, ते कुणाला दिले, ही सवयच लागलीय. स्वतःच्या खात्याला मात्र हा न्याय कधी लावला नव्हता. यंदा एका रविवारी, तांबडा-पांढरा ओरपून झाल्यावर, लावला.

नेटफ्लिक्स महिना ४९९, म्हणजे वर्षाचे ५,९८८. प्राइम वर्षाला १,४९९. जिओहॉटस्टार ८९९. आणि आणखी एक अ‍ॅप, महिन्याला ९९, म्हणजे १,१८८. या शेवटच्याचं नाव वाचून मलाच कळेना हे काय प्रकरण आहे. नवरा म्हणाला, "तुझंच असणार." पुण्याला पोरीला फोन लावला तर म्हणाली, "मम्मी, मी तर तिकडं फिरकलोपण नाही." (कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. मीही म्हणते. लिहिताना तेवढं शाळेतल्या बाईंच्या धाकानं 'आले, गेले' होतं.) बरंच उकरल्यावर उलगडा झाला. गेल्याच्या गेल्या दिवाळीत पाहुणे आले होते, त्यांना एक नाटक बघायचं होतं, म्हणून घेतलेलं. नाटक अर्धं होईतो सगळे घोरायला लागले. अ‍ॅप मात्र तेव्हापासून जागंच आहे.

एकूण ९,५७४ रुपये. कागदावर बेरीज लिहिली आणि अण्णांची आठवण झाली. ही बेरीज ते मला तीनदा करायला लावणार आणि मग म्हणणार, "आणि एवढं देऊन बघितलंस काय?"

अण्णा म्हणजे माझे वडील. राजारामपुरीत आठव्या गल्लीत त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती, १९८६ ते २००८. त्याआधी ते रेडिओ दुरुस्त करायचे. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले. मग त्याच दहा बाय बाराच्या गाळ्यात त्यांनी लाकडी फळ्या मारल्या आणि कॅसेटी मांडल्या. त्यातल्या सगळ्या कायदेशीर होत्या असं लिहिलं तर अण्णाच वरनं हसतील.

दर असा: डिपॉझिट २००, कॅसेट दिवसाला १०, उशीर झाला तर रोजचे ५, रिवाइंड न करता आणली तर २. आणि सभासद व्हायचं तर रेशनकार्ड दाखवायचं. लोक चिडायचे, "अण्णा, पिक्चर न्यायचाय, साखर नव्हं." पण अण्णांचा नियम ठाम होता: एक चूल, एक कार्ड. मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात पाच भाऊ, तेवीस माणसं, पण स्वयंपाक एकत्र, तर कार्ड एकच, कुणीही यावं आणि कॅसेट न्यावी. चुली वेगळ्या तर कार्डं वेगळी. एकदा त्या वाड्यातला धाकटा एकटाच आला आणि खाली मान घालून म्हणाला, "नवीन कार्ड करायचंय." अण्णांनी काही विचारलं नाही, पावती फाडली. रात्री जेवताना आईला म्हणाले, "त्यांची वाटणी झाली." नातेवाइकांना कळायला पुढं आठवडा गेला.

मी शाळा सुटली की गल्ल्यावर बसायची. मोठी कामं दोनच. एक म्हणजे रजिस्टर लिहिणं, ज्यानं माझं अक्षर आणि पुढं नोकरी दोन्ही घडलं. दुसरं पावसाळ्यातलं. कोल्हापूरचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. भिंती घामेजतात, पापड मऊ पडतात, आणि कॅसेटीच्या आत फितीच्या कडेला पांढरी भुरी धरते. ती तशीच लावली तर व्हीसीआरचं हेड खराब होऊन पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग पाठीमागचे पाच स्क्रू काढून कॅसेट उघडायची, एका बोटानं चाक फिरवत फीत पुढं ओढायची आणि अण्णांच्या जुन्या धोतराच्या तुकड्याला स्पिरिट लावून ती चिमटीतनं पुसत न्यायची. हात हलका हवा. जरा जोर लागला की फितीला चुणी पडते, आणि मग बरोबर त्या जागी नायिकेचं तोंड वाकडं. कपाटात चोवीस तास ६०चा बल्ब जळत असायचा, ऊब राहावी म्हणून. आई म्हणायची, पोरांना शाल नाही आणि कॅसेटींना शेक.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या बरोबर समोर दुसरी लायब्ररी होती. त्यांचं नाव घरात कधी घेतलं गेलं नाही, ते 'समोरचे'. १९९१च्या हिवाळ्यात आमच्यात दरयुद्ध पेटलं. आम्ही १०चे ८ केले, त्यांनी ७. आम्ही ६, त्यांनी ५. आम्हीही ५ केल्यावर समोरच्यांनी कॅसेटीबरोबर भडंगाची पुडी फुकट द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांची चंगळ. लोक भडंग तिकडनं घेऊन पिक्चर बदलायला आमच्याकडं येत. सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईहून नव्या कॅसेटी यायच्या, रीतसर पार्सलनं कमी, ओळखीच्या प्रवाशांच्या पिशवीतनं जास्त. अण्णा लुनावरून परीख पुलाखालनं स्टेशनला जायचे आणि तिथं समोरच्यांची राजदूत आधीच उभी असायची. एकाच गाडीतनं, एकाच पिक्चरच्या कॅसेटी, एकाच गल्लीत.

शेवटी आईनं हिशेब मांडला. कॅसेट पडते दीडशेला, पाच रुपयांनी तीसदा गेली तर मुद्दल सुटणार, आणि चाळीस वेळेला तर प्रिंट जाते. म्हणजे बावीस वर्षं काढून ताटात काय येणार, तर भडंग. (आईला तेव्हा बावीस वर्षं ठाऊक नव्हती, ती म्हणाली होती 'जन्मभर'.) दुसऱ्याच दिवशी अण्णा आणि समोरचे मिसळ खायला गेले. कट वाढून घेता घेता वाटणी झाली. जुने हिंदी आणि मराठी आमच्याकडं. इंग्लिश, कराटे आणि कार्टून त्यांच्याकडं. नवे हिंदी एकाआड एक. दर दोघांचा पुन्हा १०. भडंग बंद.

धंद्याला बरकत आली हे खरं. पण ज्या घरात आजीला संतपट, बापाला कुंग फू आणि पोरांना कार्टून लागायचं, त्या घराला आता दोन कार्डं काढायला लागली. दोन डिपॉझिटं, दोन लेट फी. नवा पिक्चर आलाय कळलं तरी तो कुणाच्या वाट्याचा आहे हे आधी विचारायचं. बाराव्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर होते, रोज एक पिक्चर. ते काउंटरवर पिशवी ठेवून म्हणाले, "अण्णा, तुम्ही दोघं भांडत होता तेव्हा आम्ही सुखात होतो बघा."

ही व्यवस्था टिकली चार महिने. जनता बाजार चौकात एका पोरानं तिसरं दुकान टाकलं. दोघांकडचं सगळं एकाच फळीवर, दर ७. झालं, मिसळीचा करार संपला. आम्ही त्याला अडवूच शकत नव्हतो. कॅसेट कुणाच्या बापाची नव्हती. दीडशे रुपये टाकले की जी अण्णांना मिळायची तीच त्यालाही मिळायची.

हे मी इतकं लांबवून का लिहितेय, तर माझ्या ९,५७४ रुपयांचं कोडं मला या तिसऱ्या पोरापाशी येऊन सुटलं. आपण म्हणतो की ओटीटीमध्ये, म्हणजे या इंटरनेटवरच्या पिक्चरच्या अ‍ॅपांत, केवढी स्पर्धा आहे. स्पर्धा असेल तर मला स्वस्त पडायला पाहिजे. एक महाग वाटलं तर दुसऱ्याकडं जाता आलं पाहिजे. पण मी दुसऱ्याकडं जात नाही, दुसरंही घेते. ही दरयुद्धातली गल्ली नाही, ही मिसळीनंतरची गल्ली आहे. एकत्र बसून वाटणी कुणी केली नसेल, पण गिऱ्हाइकाच्या अंगावर येणारा परिणाम तोच.

गंमत म्हणजे नेटफ्लिक्स स्वतः त्या तिसऱ्या पोरासारखंच सुरू झालं होतं. १९९७ साली रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी कॅलिफोर्नियात ते काढलं आणि १९९८पासून टपालानं डीव्हीडी भाड्यानं द्यायला लागले. तिथल्या कायद्यानुसार एकदा डिस्क विकत घेतली की ती भाड्यानं द्यायला निर्मात्याची परवानगी लागत नाही. म्हणजे आमच्या कॅसेटीसारखंच: बाजारात आहे, घ्या आणि फळीवर लावा. त्यामुळं त्यांच्या फळीवर पुढं लाखभर डीव्हीडी जमल्या. समोर होती ब्लॉकबस्टर, व्हिडिओ भाड्यानं देणारी कंपनी, भरात असताना नऊ हजारांवर दुकानं असलेली. २००० साली नेटफ्लिक्सवाले त्यांच्याकडं गेले आणि पाच कोटी डॉलरना आम्हाला विकत घ्या म्हणाले. ब्लॉकबस्टरनं नाही म्हटलं. त्या काळात ब्लॉकबस्टरला वर्षाला ८० कोटी डॉलरच्या आसपास नुसती लेट फी मिळत होती. नेटफ्लिक्सनं लेट फीच काढून टाकली. २०१०च्या सप्टेंबरात ब्लॉकबस्टरनं दिवाळं काढलं. ओरेगनमधल्या बेंड गावात त्यांचं एकच दुकान अजून चालू आहे, लोक तिथं फोटो काढायला जातात म्हणे.

लेट फीवरनं ब्लॉकबस्टरला हसणाऱ्यांत मी नाही. आमच्या गाळ्याचं भाडं लेट फीतनंच जायचं. अण्णा पूर, बाळंतपण आणि दहावीची परीक्षा या तिन्हीला माफी द्यायचे, बाकी कुणाला नाही. त्यांचं उत्पन्न कॅसेट परत करायला विसरणाऱ्यांवर होतं आणि त्या ९९ रुपयांच्या अ‍ॅपचं उत्पन्न बंद करायला विसरणाऱ्या माझ्यावर आहे. फरक इतकाच की अण्णा तिसऱ्या दिवशी माणूस पाठवून आठवण करायचे.

असो. २००७ला नेटफ्लिक्सनं इंटरनेटवरनं पिक्चर दाखवायला सुरुवात केली आणि तिथं खेळ बदलला. डिस्क विकत घेता येते, पण इंटरनेटवर दाखवायचा हक्क बाजारात टांगलेला नसतो. तो ज्याचा पिक्चर त्याच्याशी करार करून, ठरावीक वर्षांपुरता, घ्यायला लागतो. मालकानं नाही म्हटलं तर विषय संपला. सुरुवातीला निर्मात्यांनी हे हक्क दिले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याच मालावर हा मोठा होतोय. डिस्नीनं आपले पिक्चर काढून घ्यायचं ठरवलं आणि २०१९ला स्वतःचं दुकान टाकलं. नेटफ्लिक्सही २०१३पासून स्वतःच्या मालिका करायला लागलं होतंच, ज्या दुसरीकडं मिळणार नाहीत. झाली वाटणी. कराटे तिकडं, संतपट इकडं. आणि जनता बाजार चौकातल्या पोराला आता जागा नाही, कारण त्याला कॅसेट कुणी विकतच देत नाही. टपालाची डीव्हीडीसेवासुद्धा २९ सप्टेंबर २०२३ला बंद झाली.

दर अजिबात उतरले नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि हिशेबनीसानं खोटं लिहू नये. २०१६च्या जानेवारीत नेटफ्लिक्स इथं आलं तेव्हा त्याचा सगळ्यात स्वस्त प्लॅन ५००चा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावानं झाला, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आलं. मग नेटफ्लिक्सनं २०१९ला फक्त मोबाईलपुरता १९९चा प्लॅन काढला आणि २०२१च्या डिसेंबरात तो १४९वर आणला. मी देते तो ६४९चा ४९९ झाला. २०२३ला जिओसिनेमानं आयपीएल फुकट दाखवली, आमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवरसुद्धा मोबाईल उभा करून मॅच चालू. ते भडंगाचे दिवस होते. फेब्रुवारी २०२५ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकच झाले. आता आयपीएल पूर्ण बघायची तर वर्गणी नाहीतर रिचार्जची ऑफर. जून २०२५पासून प्राइमवर पिक्चरमध्ये जाहिराती सुरू झाल्या, नको असतील तर वर्षाला ६९९ वेगळे. गिऱ्हाईक गोळा होईस्तोवर भडंग, मग दहा रुपये. यात नवीन काही नाही, अण्णांनाही कळलं असतं.

त्यांना जे कळलं नसतं ते आईच्या पिक्चरचं. आईचे वडील सुतार. गांधीहत्येनंतर १९४८च्या जाळपोळीत इथला जयप्रभा स्टुडिओ जळाला, भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला, त्यानंतरच्या वर्षांत आजोबा तिथं सेटच्या कामाला होते. एका कृष्णधवल पिक्चरमध्ये वाड्याचा जिना आहे, तो त्यांनी केलेला. वळणाचा जिना आहे, कठड्याला मोर. नायिका त्यावरून एकदाच उतरते, मिनिटभर असेल. अण्णांकडं त्याची कॅसेट होती आणि दर दसऱ्याला आई ती लावून जिना आला की आम्हाला हाक मारायची. अख्खा पिक्चर बघितल्याचं मला आठवत नाही, जिना मात्र पाठ आहे.

गेल्या दसऱ्याला आई म्हणाली, "एवढी अ‍ॅपं घेतलीस, त्यात बघ की." बघितलं. चारही ठिकाणी नाही. एकीकडं नाव टाकल्यावर 'यासारखे इतर' म्हणून एक भूताचा पिक्चर पुढं केला. शेवटी यूट्यूबवर कुणीतरी टाकलेला सापडला, फुकट, कडा कापलेला, आवाज मागं-पुढं. आईला खुर्ची पुढं ओढून दिली. जिना आला. आणि नेमका त्या कोपऱ्यात चॅनेलचा लाल-पिवळा लोगो, बरोबर मोराच्या डोक्यावर. आई म्हणाली, "जाऊ दे, पायऱ्या तरी दिसल्या."

आमची कॅसेट २००५च्या आसपासच गेली होती, बुरशीनं. तोवर सीड्या आल्या होत्या, ओरखडे पडले की टूथपेस्ट लावून घासायचे दिवस. दोनएक वर्षांत मोझर बेअर या सीड्या बनवणाऱ्या कंपनीनं पिक्चरची सीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ला विकायला काढली आणि अण्णांनी रजिस्टर मिटलं. तीन दिवसांचं भाडं आणि विकत घ्यायची किंमत जवळजवळ एक झाली तर भाड्यानं कोण नेणार? समोरच्यांनी त्याच्या आधीच मोबाईल रिचार्जचं दुकान केलं होतं. पहिलं सिमकार्ड अण्णांनी त्यांच्याकडंच घेतलं.

तर त्या रविवारी ९९वालं बंद केलं. बंद करायचं बटण सापडायला अकरा मिनिटं लागली, सुरू करताना एक लागलं असेल. तेवढ्यात नवी भानगड. नेटफ्लिक्सनं २०२३च्या जुलैपासून आपल्याकडंही सांगितलंय की एक खातं म्हणजे एक घर. आणि घर म्हणजे काय, तर एका वायफायवर चालणारी यंत्रं. पोरगी पुण्यात हॉस्टेलवर आमच्याच खात्यावर बघते. तिला पडद्यावर विचारणा आली आणि तिचा फोन आला, "मम्मी, कोड आला असेल, सांग की लवकर. आपण एकाच घरातले न्हवं का?"

मी कोड सांगणार होते. आई मध्ये पडली. "ती जेवते कुठं?"

"मेसला."

"मग चूल वेगळी झाली. दुसरं कार्ड काढायला सांग."

"आजी, मी दर पंधरवड्याला येतोय की घरी!" पोरगी स्पीकरवर ओरडली.

"पाहुणीबी येती," आई म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

अण्णांच्या नियमापुढं माझं काही चालेना. पोरीनं १४९चा मोबाईलचा प्लॅन घेतला. पैसे अर्थातच माझ्याच खात्यातनं गेले.